पिगी पार्क : एका बार्बेक्यूवाल्या घराण्याची गोष्ट

आधीच सांगून टाकते. हा लेख वाचून कुणाला भूक लागली आणि त्या दिवशी मेसमध्ये दुधी असला, तर संपादक मंडळ जबाबदार नाही.

टी.ई.ला आम्हाला औद्योगिक व्यवस्थापनाच्या विषयात एक सेमिनार द्यावा लागतो. एखादा घरगुती व्यवसाय निवडायचा, तो कसा वाढला, दुसऱ्या पिढीने काय केलं, हे वीस मिनिटांत सांगायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी लोणची-मसाले घेतले, उरलेल्यांनी ट्रॅव्हल्स कंपन्या. मला काहीतरी वेगळं हवं होतं (आणि खाण्याचं हवं होतं), म्हणून मी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातली बार्बेक्यू हॉटेलांची एक साखळी घेतली. नाव 'पिगी पार्क'. नाव ऐकून सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं होतं की एक-दोन आलेख, एक सॉसची बाटली, चार स्लाइड, संपलं काम. पण लायब्ररीत बसल्यावर लक्षात आलं की या हॉटेलचं नाव खाण्याच्या पुस्तकांपेक्षा कायद्याच्या पुस्तकांत जास्त आहे.

असो. सुरुवात खाण्यापासूनच करू.

बार्बेक्यू म्हणजे आपल्याकडे शिगेवर भाजलेले पनीरचे तुकडे, असा माझाही समज होता. तिकडे दक्षिणेत बार्बेक्यू म्हणजे मोठा मांसाचा तुकडा, कॅरोलिनात बहुधा डुकराचा, मंद आचेवर आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ शिजवणं. भट्टीचं तापमान साधारण ११० अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या चुलीच्या मानाने काहीच नाही. लाकूड हिकरीचं. ते जाळून निखारे करायचे आणि त्या धगीवर मांस ठेवायचं. एवढा वेळ का लागतो? कारण खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. ते सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि चामड्यासारखं मांस बोटांनी सुटायला लागतं. घाई केली तर पाणी उडून जातं आणि कोलॅजन तसंच राहतं. म्हणजे रबर.

मेकॅनिकलवाल्यांसाठी यात एक गंमत आहे. मांसात थर्मामीटर खुपसून ठेवलं तर तापमान चढत चढत साधारण सत्तरच्या आसपास येतं आणि तिथेच अडकतं. एक तास, दोन तास, कधी चार तास! भट्टी चालू, निखारे लाल आणि काटा हलत नाही. नवीन माणूस घाबरून आच वाढवतो. खरं कारण आपण सेकंड इयरला लॅबमध्ये पाहिलंय. वेट बल्ब थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळतो ना, तेच. मांसाच्या पृष्ठभागावरून घाम आल्यासारखं पाणी बाष्प होतं आणि जेवढी उष्णता आत येते तेवढी बाष्पीभवनात खर्च होते. पृष्ठभाग सुकला की काटा पुन्हा चढायला लागतो. जुन्या भट्टीवाल्यांना सायक्रोमेट्रिक चार्ट कुणी शिकवला नव्हता, पण थांबायचं कधी आणि किती हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि हे भट्टीवाले दक्षिणेत मोठ्या प्रमाणावर काळे होते. गुलामगिरीच्या काळापासून रात्रभर खड्ड्यापाशी जागून मांस शिजवायचं काम त्यांच्याकडेच असे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सॉस. साउथ कॅरोलिनात बार्बेक्यूच्या सॉसचे चार प्रकार मानतात : व्हिनेगर-मिरीचा, हलका टोमॅटोचा, दाट टोमॅटोचा आणि मोहरीचा. मोहरीचा पिवळाधमक सॉस ही राज्याच्या मधल्या भागाची खासियत. अठराव्या शतकात तिथे जर्मन शेतकरी मोठ्या संख्येने येऊन वसले, त्यांच्याबरोबर मोहरीची चव आली असं सांगतात. फेसलेल्या मोहरीने नाकात झिणझिण्या येतात, ते सुख ज्याने आजीच्या हातचं लोणचं खाल्लंय त्याला समजावून सांगायला नको. तिकडे मात्र त्यात गोडवा असतो. सोबत भात आणि त्यावर 'हॅश' नावाचा मांसाचा दाट रस्सा. भात म्हटल्यावर मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

बेसिंजर हे आडनाव याच भागातलं. वडील जो बेसिंजर हॉली हिल नावाच्या छोट्या गावात कॅफे चालवत. मोहरीच्या सॉसची घरची कृती त्यांची. मुलं बरीच, आणि त्यातली अनेक याच धंद्यात शिरली. मेल्व्हिन, थॉमस वगैरे भाऊ चार्ल्सटनच्या बाजूला गेले. मॉरिस (जन्म १९३०) राज्याची राजधानी कोलंबियाच्या नदीपलीकडे, वेस्ट कोलंबियात आला आणि १९५३ मध्ये त्याने पिगी पार्क सुरू केलं.

वेळ अचूक साधली होती. युद्ध संपलेलं, घरोघरी मोटारी आलेल्या. पिगी पार्क हे ड्राइव्ह-इन होतं. गाडी आवारात लावायची, वेट्रेस गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणार, गाडीतच ट्रे लागणार. हॉटेलमालकाला खुर्च्या-टेबलं नकोत, मोठी इमारत नको. आमच्या सेमिनारच्या भाषेत 'कमी स्थिर भांडवल, जलद उलाढाल'. दहा-बारा वर्षांत मॉरिसकडे पाच ड्राइव्ह-इन आणि 'लिटल जोज' नावाचं एक सँडविच शॉप झालं. भट्टी हिकरीची, सॉस वडिलांचा. इथपर्यंत माझ्या स्लाइड छान जमल्या होत्या.

मग १९६४ आलं.

२ जुलै १९६४ ला अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात म्हटलं होतं की हॉटेल, उपाहारगृह, थिएटर अशा ठिकाणी वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून कुणाला नाकारता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, अ‍ॅन न्यूमन नावाच्या बाई पिगी पार्कच्या एका ड्राइव्ह-इनमध्ये गेल्या. त्यांचे पती रेव्हरंड आय. डीक्विन्सी न्यूमन हे एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे त्या राज्यातले प्रमुख कार्यकर्ते होते. न्यूमनबाई काळ्या होत्या. त्यांची ऑर्डर घेतली गेली नाही.

पिगी पार्कची पद्धत काय होती ते कोर्टाच्या निकालात लिहिलेलं आहे. काळ्या माणसाने स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचं, तिथेच ऑर्डर द्यायची, तिथूनच पुडकं घ्यायचं आणि आवारात न खाता निघून जायचं. पैसे तेवढेच. मांस तेच, सॉस तोच.

हे वाक्य मी वाचलं आणि पुढचं पान बराच वेळ उलटलं नाही. कारण मला आमच्या घरातली एक कपबशी आठवली. माझ्या लहानपणी आजीकडे भांडी घासायला एक मावशी यायच्या. त्यांना रोज चहा मिळायचा, आजी आल्याशिवाय चहा करायचीच नाही, वर बिस्किटंही द्यायची. पण त्यांची कपबशी मोरीच्या खिडकीत, उपडी, वेगळी असायची. मी त्या खिडकीसमोर शेकडो वेळा हात धुतले असतील. शाळेत आम्हाला मॉरल सायन्सचा तास होता, 'ऑल आर इक्वल' असं तक्त्यावर रंगीत अक्षरांत मीच लिहिलं होतं. त्या कपाचा आणि तक्त्याचा काही संबंध आहे हे मला कळायला साउथ कॅरोलिनातल्या एका डुकराच्या हॉटेलचा निकाल वाचावा लागला. सुट्टीत घरी गेल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तेव्हा तसंच होतं." आजी आता नाही, तिला विचारायचं राहून गेलं.

आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि विहिरी-तलावांचाही. म्हणजे जी गोष्ट अमेरिकेने १९६४ ला देशभरासाठी कायद्यात आणली ती आपल्याकडे २६ जानेवारी १९५० पासून लिहिलेली होती. लिहिलेली. आणि त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून फुल्यांना तिकडचा आणि इकडचा धागा एकच दिसला होता. दहावीत यावर दोन मार्कांचा प्रश्न होता, मी पाठ करून उत्तर लिहिलं होतं.

परत कोर्टात जाऊ. न्यूमनबाई आणि आणखी दोघांनी दावा लावला. त्यांचे वकील होते मॅथ्यू पेरी. बेसिंजरच्या बाजूने बचाव तिहेरी होता. एक, ड्राइव्ह-इन हे कायद्यातलं 'जागेवर खाण्याचं ठिकाण' नाही, लोक गाडीत बसतात आणि पुष्कळसे पुडकं घेऊन जातात. दोन, हा कायदाच घटनाबाह्य आहे. तीन, वंशांची सरमिसळ ही देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, म्हणून हा कायदा त्याच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे.

१९६६ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी धर्माचा मुद्दा फेटाळला, पण पहिला मुद्दा मान्य केला! सँडविच शॉपला कायदा लागू, पाच ड्राइव्ह-इनना नाही. म्हणजे खुर्चीवर बसून खाल्लं तर समता आणि गाडीच्या सीटवर बसून खाल्लं तर नाही. १९६७ मध्ये अपील कोर्टाने हे उलटवलं. तयार खाण्याचे पदार्थ विकता ना, मग कुणी कुठे बसून खाल्लं हे मोजत बसायचं कारण नाही.

कायदा घटनाबाह्य आहे हा मुद्दा तोवर दुसऱ्याच एका खटल्यात निकाली निघाला होता, आणि तेही बार्बेक्यूच! अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं एका कुटुंबाचं २२० बैठकीचं हॉटेल होतं. तिथल्या ३६ नोकरांपैकी दोन तृतीयांश काळे, पण काळ्या गिऱ्हाइकाला बसून खायला बंदी, फक्त पार्सल. अमेरिकेच्या संसदेला असा कायदा करण्याचा अधिकार मिळतो तो राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करण्याच्या कलमातून. हॉटेलवाल्यांचं म्हणणं, आमचा परराज्याशी संबंधच काय? कोर्टाने हिशेब काढला. कायदा होण्याआधीच्या वर्षभरात त्यांनी साधारण दीड लाख डॉलरचा माल घेतला होता आणि त्यातलं ६९,६८३ डॉलरचं, म्हणजे ४६ टक्के, मांस होतं, जे स्थानिक पुरवठादाराने राज्याबाहेरून आणलेलं होतं. झाला व्यापाराशी संबंध! १४ डिसेंबर १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलविरुद्ध निकाल दिला. खाटकाच्या बिलावरून एवढा मोठा प्रश्न सुटावा, हे कॉस्टिंगच्या सरांना नक्की आवडेल.

पिगी पार्कचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा प्रश्न एकच उरला होता : वकिलाची फी कोणी द्यायची? ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं. पण थोडं थांबून पाहा. या कायद्याखाली जिंकलात तर नुकसानभरपाई मिळत नाही. फक्त मनाई हुकूम मिळतो, म्हणजे हॉटेलवाल्याला 'यापुढे असं करू नकोस' असा आदेश. आता ज्या बाईला एका सँडविचसाठी नाकारलं, तिने चार वर्षं वकिलाचा खर्च स्वतः करायचा आणि शेवटी मिळवायचं काय, तर ते सँडविच विकत घेण्याचा हक्क. कोण जाईल कोर्टात? कायदा कागदावर राहील. हॉटेलवाल्याने फक्त तारखा वाढवत राहायचं.

अपील कोर्टाने म्हटलं होतं की बेसिंजरने जे बचाव निव्वळ वेळकाढूपणासाठी, अप्रामाणिकपणे घेतले असतील तेवढ्यापुरतीच फी द्यावी. १८ मार्च १९६८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे अपुरं आहे. असा दावा लावणारा माणूस स्वतःपुरता लढत नसतो. तो संसदेने ठरवलेलं धोरण अमलात आणत असतो, जणू 'खासगी अ‍ॅटर्नी जनरल' म्हणून. तेव्हा तो जिंकला तर त्याला वकिलाची फी सामान्यतः मिळालीच पाहिजे, काही विशेष कारणाने ते अन्याय्य ठरत असेल तरच नाही. निकाल दोन-तीन पानांचा. धर्माच्या बचावाला तर त्यांनी क्षुल्लक म्हणून एका तळटीपेत उडवलं. आज तिथे नागरी हक्कांच्या खटल्यात फीचा प्रश्न आला की हा निकाल निघतोच. पुढे १९७९ मध्ये मॅथ्यू पेरी साउथ कॅरोलिनातले पहिले काळे संघीय जिल्हा न्यायाधीश झाले, कोलंबियातल्या संघीय कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे. न्यूमनबाईंचे पती १९८३ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेले.

आणि पिगी पार्कचं काय झालं? माझा अंदाज होता की बंद पडलं असेल. मुळीच नाही. सर्वांना वाढायला लागले आणि धंदा आणखी वाढला. मॉरिस १९७४ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उभा राहिला आणि हरला. सॉस बाटलीत भरून सुपरमार्केटात जाऊ लागला. लोक चवीसाठी येत होते. चव चांगलीच होती, हे त्याचे विरोधकही नाकारत नसत. मला हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. वाईट माणसाचं जेवणही वाईट असतं तर किती सोपं झालं असतं!

१ जुलै २००० ला साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या घुमटावरून कॉन्फेडरेट झेंडा उतरवला गेला. हा झेंडा यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा. मॉरिसने त्याला उत्तर म्हणून आपल्या सगळ्या हॉटेलांवर तो भलामोठा झेंडा चढवला. हॉटेलात गुलामगिरीचं समर्थन करणारी पत्रकंही विकायला होती, ते वर्तमानपत्रांत छापून आलं. मग वॉलमार्टसकट मोठमोठ्या सुपरमार्केटांनी त्याच्या सॉसच्या बाटल्या फळीवरून काढून टाकल्या. चार्ल्सटनकडच्या भावाची, मेल्व्हिनची, पंचाईत झाली. आडनाव तेच, सॉसचा रंग तोच. आपला आणि मॉरिसचा काही संबंध नाही असं त्याला जाहीर करावं लागलं.

यातला विनोद असा की माझ्या हॉटेलात कुणाला वाढायचं ते मी ठरवणार, असं आयुष्यभर म्हणणारा मॉरिस आता दुकानदारांवर दावा लावायला गेला. आमच्या दुकानात काय ठेवायचं ते आम्ही ठरवणार, असं दुकानदार म्हणाले. कोर्टाने दुकानदारांचं ऐकलं.

मॉरिसचा मृत्यू फेब्रुवारी २०१४ मध्ये झाला. त्याच्या आधीच कारभार मुलांकडे आला होता आणि २०१३ मध्ये त्यांनी हॉटेलांवरचे झेंडे उतरवले. ना पत्रकार परिषद, ना माफीनामा. एका वर्षी झेंडे होते, दुसऱ्या वर्षी नव्हते. मुलांचं म्हणणं साधारण असं की आम्हाला बार्बेक्यू विकायचंय, राजकारण नाही. दुसऱ्या पिढीच्या निर्णयांसाठी आमच्या सेमिनारमध्ये एक स्वतंत्र मुद्दा होता. त्याखाली मी हे लिहिलं आणि त्याला काय शीर्षक द्यावं हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

एक झेंडा मात्र मुलांनाही उतरवता येण्यासारखा नव्हता. ऑरेंजबर्ग गावातल्या हॉटेलच्या कोपऱ्यावरचा झेंड्याखालचा इवलासा तुकडा मॉरिसने २००५ मध्ये कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेच्या नावे करून ठेवला होता. २०१५ मध्ये ती जागा एका आइस्क्रीमवाल्याने घेतली. त्याच वर्षी १७ जूनला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ काळ्या लोकांना एका गोऱ्या माथेफिरूने गोळ्या घातल्या आणि १० जुलैला विधानभवनाच्या आवारातूनही तो झेंडा गेला. आइस्क्रीमवाल्याला आपल्या दारातला झेंडा काढायचा होता. तेव्हा त्याला सांगण्यात आलं की दुकान तुझं, पण ती दोन-चार पावलांची जमीन तुझी नाही.

सेमिनार वीस मिनिटांचा होता, माझा पस्तीस मिनिटं चालला. मध्येच कुणीतरी "सॉसची रेसिपी दे" म्हणून ओरडलं. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, "तू तिथे गेलीस तर खाशील का?" मी म्हटलं, "सर, मुलांच्या हातचं?" सर म्हणाले, "भट्टी तीच आहे." मी खाली बसले. माझी रूममेट शाकाहारी आहे, ती म्हणाली की तिचा प्रश्न सुटलेला आहे.